बारामतीचे पुराणिक : कविवर्य मोरोपंत पराडकर

महाराष्ट्राच्या स्थानिक इतिहासाची पाने चाळू लागले म्हणजे गावोगावी एखादा तरी विलक्षण पुरुष भेटतो. कोणी मूठभर माणसांनिशी गढी लढविलेली असते, कोणी अफाट कर्ज देऊन राज्यकर्त्यांनाच आपल्या ऋणात बांधलेले असते, तर कोणी भरला संसार टाकून डोंगरकपारीत जाऊन बसलेला असतो. पुणे जिल्ह्यातील बारामती गावाने अठराव्या शतकात अशी दोन असामान्य माणसे एकाच वाड्यात पाहिली. एक त्या वाड्याचे धनी, प्रत्यक्ष पेशवेपदावर हक्क सांगण्यापर्यंत मजल मारणारे सावकार बाबूजी नाईक. आणि दुसरे त्याच नाइकांच्या आश्रयाने पोथी सोडून बसणारे पुराणिक मोरोपंत पराडकर. पहिल्यांचे नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले आहे. दुसऱ्यांचे नाव मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून एकदा तरी गेलेले असते.

मोरोपंतांच्या चरित्रात लढाई नाही, संन्यास नाही आणि चमत्कारही नाही. एका गावात राहून, एकच वृत्ती चालवीत, चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी प्रपंच केला. तरीही या माणसाने जे करून ठेवले ते मराठी भाषेत त्यांच्याआधी कोणी केले नव्हते व त्यांच्यानंतरही कोणी केलेले नाही. एकच रामकथा त्यांनी एकशे आठ वेळा, दर वेळी निराळ्या रीतीने रचिली अशी ख्याती आहे. असा हट्ट एखादा विद्वान कशासाठी धरतो, आणि त्यातून त्याला व आपल्याला काय मिळते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पन्हाळ्यावरील दिवस

मोरोपंतांचे घराणे कऱ्हाडे ब्राह्मणांपैकी. आडनाव पराडकर आणि मूळ गाव कोकणात राजापूर भागातील सौंदळ. कोकणातील लहानशा वतनावर वाढत्या कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण, म्हणून त्या काळी कित्येक घराणी घाट चढून देशावर आली. मोरोपंतांचे वडील रामाजीपंत हेही असेच पन्हाळ्यास आले. आईचे नाव लक्ष्मीबाई. या दांपत्याच्या पोटी १७२९ साली पन्हाळगडावर मोरोपंतांचा जन्म झाला.

पन्हाळा म्हणजे त्या वेळी नुसता किल्ला नव्हता. कोल्हापूरच्या छत्रपतींची राजधानी १७८२ पर्यंत तेथेच होती, आणि राजधानी म्हटली की तिच्या आश्रयाने शास्त्री, पंडित, वैदिक हेही आलेच. पन्हाळ्यावर केशव पाध्ये व गणेश पाध्ये हे विद्वान बंधू होते. त्यांच्यापाशी मोरोपंतांनी व्याकरण, काव्य, अलंकार इत्यादी विषयांचे अध्ययन केले. वयाच्या चोविशीपर्यंत हे अध्ययन चालले होते. पुढे त्यांच्या काव्यात शब्दांवरची जी हुकमत दिसते, तिचा पाया या दोन गुरूंनी घातला. गुरूंचे हे ऋण मोरोपंत जन्मभर कृतज्ञतेने स्मरत राहिले.

बाबूजी नाईक आणि त्यांची बारामती

मोरोपंत ज्यांच्या आश्रयास आले त्या बाबूजी नाइकांची थोडी ओळख येथे करून दिली पाहिजे. जोशी घराण्यातील हे सावकार बारामतीकर नाईक या नावाने प्रसिद्धीस आले. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई दिलेली होती. म्हणजे थोरले बाजीराव हे नाइकांच्या घरचे सोयरे. सोयरिकीबरोबर पैशाचाही व्यवहार होता. बाजीरावांच्या मोहिमांना पैसा लागे, आणि तो पुरविणाऱ्या सावकारांत नाईक हे एक प्रमुख होते.

१७४० च्या एप्रिल महिन्यात बाजीरावांचे नर्मदाकाठी देहावसान झाले आणि पेशवाईची वस्त्रे कोणास द्यावयाची हा प्रश्न साताऱ्यास शाहू छत्रपतींपुढे आला. नागपूरकर रघूजी भोसले यांचे पेशव्यांशी सख्य नव्हते. त्यांनी बाबूजी नाइकांचे नाव पुढे केले आणि नाइकांनीही मोठा नजराणा देऊ केला. परंतु शाहू महाराजांनी बाजीरावांचे चिरंजीव बाळाजी ऊर्फ नानासाहेब यांनाच वस्त्रे दिली. तेव्हा नाइकांनी बाजीरावांकडील आपल्या कर्जाचा तगादा लावला. त्या अडचणीतून नव्या पेशव्यांना महादजीपंत पुरंदरे यांनी सोडविले. पुढे नाइकांनी कर्नाटकच्या कारभारातही हात घालून पाहिला, पण तेथे त्यांना फारसे यश आले नाही. बारामतीस कऱ्हा नदीच्या काठी किल्ल्यासारख्या तटबंदीचा त्यांचा वाडा मात्र त्यांच्या महत्त्वाकांक्षेची साक्ष देत राहिला.

हा मुलूख त्या काळी कसा होता, तेही ध्यानात घेतले पाहिजे. आज बारामती व इंदापूर ही नावे उच्चारली की ऊस, कालवे आणि साखर कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण नीरेचा डावा कालवा आला तो इंग्रजी अमलात, १८८५ च्या सुमारास. मोरोपंतांच्या वेळी हा प्रदेश पावसाच्या भरवशावरचा, ज्वारी-बाजरीचा आणि अवर्षणाला सरावलेला होता. येथली मोठी संपत्ती म्हणजे तीर्थांची. कऱ्हेच्या काठी मोरगावचा मयूरेश्वर आहे. तेथून वाहत येणारी कऱ्हा बारामतीवरून जाऊन सोनगावापाशी नीरेस मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे भीमेला भेटते, आणि हीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. इंदापूर गाव तर शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या स्मृतीने पावन झालेले. देव, नद्या आणि इतिहास यांची अशी सांगड ज्या भूमीत पडली आहे, तेथे हा तरुण पंडित १७५२ च्या सुमारास येऊन राहिला तो कायमचा. मोरेश्वर हे त्याचे नाव. मोरगावचा देवही मोरेश्वरच. या योगायोगाची गोडी मोरोपंतांच्या बारामतीकर श्रोत्यांना खचितच वाटली असेल.

पुराणिकाची वृत्ती

पुराणिक या शब्दाचा अर्थ आजच्या तरुण पिढीस थोडा उलगडून सांगावा लागेल. देवळात किंवा श्रीमंतांच्या वाड्यात ठराविक वेळी, विशेषतः चातुर्मासात, पुराण सांगण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. पुराणिकाने संस्कृत पोथी वाचावयाची आणि तिचा अर्थ मराठीत खुलवून सांगावयाचा. समोर घरचे धनी, कारकून, गावचे वृद्ध, विधवा स्त्रिया, लेकुरवाळ्या सुना, खेळता खेळता येऊन बसलेली मुले. यांतील बहुतेकांना संस्कृत येत नसे आणि कित्येकांना लिहिता-वाचताही येत नसे. रामायण, महाभारत, भागवत या ग्रंथांची ओळख समाजाच्या मोठ्या भागाला झाली ती अशा पुराणिकांच्या तोंडूनच.

या वृत्तीत एक अवघड गोष्ट असते. कथा तीच, श्रोतेही बहुधा तेच, आणि सांगणाराही तोच. राम वनवासास जाणार, सीता हरण होणार, लंका जळणार, हे पहिल्या ओळीपासून सर्वांस ठाऊक. तरीही दर वर्षी ती कथा ताजी वाटली पाहिजे, नाही तर ऐकणारे पेंगू लागतील आणि त्याहून वाईट म्हणजे सांगणाऱ्याचे मनच तिच्यातून उठून जाईल. मोरोपंतांच्या सर्व काव्यव्यवहाराचे मर्म या पुराणिकपणात आहे असे आम्हांस वाटते.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे आर्याभारत. महाभारतासारखा लाखभर श्लोकांचा समजला जाणारा ग्रंथ त्यांनी अठराही पर्वांसह सुमारे १७ हजार आर्यांत मराठीत आणला. कथेचा धागा न तोडता तिचा विस्तार सहाव्या हिश्श्यावर आणणे हे केवळ भाषांतराचे काम नव्हे. काय ठेवावे व काय गाळावे याचा निवाडा पानोपानी करावा लागतो. आर्या हे मात्रांवर चालणारे वृत्त. मोरोपंतांनी वापरला तो तिचा गीति नावाचा प्रकार. त्याच्या दोन्ही अर्धांत तीस तीस मात्रा असतात, आणि दोन्ही अर्धांच्या शेवटी मोरोपंत यमक साधतात. हे यमक नुसत्या शेवटच्या अक्षराचे नसून पुष्कळदा तीन तीन, चार चार अक्षरांचे असते. त्यामुळे ती ओळ एकदा कानांवर पडली की विसरत नाही. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्याला या यमकाचा फार मोठा आधार होई, हे त्यांच्या यमकांना नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

महाभारताखेरीज कृष्णविजय, मंत्रभागवत, हरिवंश, ब्रह्मोत्तरखंड, प्रल्हादविजय अशी त्यांची मोठी प्रकरणे आहेत. मंत्रभागवतात भागवताची कथा सांगता सांगता द्वादशाक्षरी मंत्राची अक्षरे त्यांनी आर्यांतून गुंफली आहेत. स्तोत्रे, स्तुतिपर लहान कविता यांची तर गणतीच नाही. त्यांची एकूण रचना पाऊण लाख पद्यांच्या घरात जाते. ज्या काळी टाक, बोरू आणि हाताने घोटलेली शाई हीच साधने होती, त्या काळी एका संसारी गृहस्थाने इतके लिहावे हेच मुळी आश्चर्य आहे.

एकशे आठ रामायणे

आता मोरोपंतांच्या त्या विलक्षण हट्टाकडे वळू. त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगितली जातात आणि त्यांपैकी नव्वदांहून अधिक आज उपलब्ध आहेत. त्यांत काही विस्तृत आहेत, तर काही अगदी लहान. काहींची नावे ज्या वृत्तात ती रचिली त्यावरून पडली, काहींची त्यांतील युक्तीवरून. मंत्ररामायणात रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने येत जातात. परंतुरामायण म्हणून एक आहे. त्याच्या नावातच परंतु हा आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द येऊन बसला आहे. सीतारामायण आहे, लघुरामायण आहे.

या सर्वांत निरोष्ठ रामायणाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. निरोष्ठ म्हणजे ज्याच्या उच्चारात ओठाला ओठ लागत नाही ते. प, फ, ब, भ आणि म ही पाच व्यंजने वर्ज्य करून संपूर्ण कथा सांगावयाची. वाचकहो, क्षणभर थांबून याचा अर्थ ध्यानात घ्या. म वर्ज्य झाला की राम हा शब्दच उच्चारता येत नाही. लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान, बिभीषण व कुंभकर्णही गेले. पंचवटी गेली आणि किष्किंधेतील पंपा सरोवरही गेले. सीता, दशरथ, कैकेयी अशी थोडी नावे काय ती हाताशी राहिली. बाकीच्या प्रत्येकाला दुसऱ्या कोणत्या तरी नावाने, नात्याने किंवा गुणाने हाक मारणे भाग. ज्याच्या मुखी अखंड रामनाम, त्या भक्ताने रामाचे नाव न उच्चारता रामकथा सांगावयास बसावे, यापेक्षा कठीण व्रत ते कोणते?

येथे कोणी म्हणेल, ही तर शब्दांची कसरत झाली, हिच्यात काव्य ते कोठे? हा आक्षेप आजचा नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षे तो घेतला जात आहे आणि तो अगदीच निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. मोरोपंतांच्या पुष्कळ रचनेत संस्कृत समास दाटीवाटीने येतात, यमकासाठी शब्द ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात, आणि अर्थ लावताना सामान्य वाचकास धाप लागते. त्यांच्या थोरवीपुढे नतमस्तक होऊनही हे मान्य करावयास हरकत नाही.

परंतु एकशे आठ या संख्येकडे पाहिले म्हणजे या प्रयत्नाचा निराळा अर्थ दिसू लागतो. जपमाळेचे मणी एकशे आठ असतात. जप करणारा दर मण्याला नवे नाव घेत नाही. तेच नाव तो पुन्हा पुन्हा घेतो. अडचण एवढीच की, पुन्हा पुन्हा घेतलेले नाव जिभेला इतके सवयीचे होते की, मन दुसरीकडे भटकू लागते आणि बोटे मात्र मणी ओढीत राहतात. मोरोपंतांनी या भटकण्यावर उपाय योजिला. दर वेळी त्यांनी स्वतःस नवी अट घालून घेतली. अट अशी की, प्रत्येक अक्षरापाशी थांबून विचार केल्यावाचून पुढचे पाऊल टाकताच येऊ नये. निरोष्ठ रामायण रचीत असताना कवीचे लक्ष कथेवरून क्षणभरही ढळू शकले नसेल. रामाचे नाव ओठांवर येऊ न देण्यासाठी ते सतत मनात ठेवावे लागले असेल. एवढे लक्ष देऊन केलेल्या स्मरणाला नुसती कसरत कसे म्हणावे? पुराणिकाच्या जन्मभराच्या अडचणीचे, म्हणजे तीच कथा ताजी कशी ठेवावी या प्रश्नाचे, हे मोरोपंतांनी दिलेले उत्तर होय, असे आमचे मत आहे.

पंडित आणि घरातील स्त्रिया

याच पंडिताची दुसरी बाजू मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटते. सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीगीत या त्यांच्या रचना पाहाव्यात. आर्याभारतातील दाट समास येथे दिसत नाहीत. भाषा सोपी, चाल घरगुती, आणि विषय स्त्रियांच्या जिव्हाळ्याचे: सीतेचे दुःख, सावित्रीचा निर्धार, रुक्मिणीचे प्रेम. ही गीते त्यांनी स्त्रियांना म्हणता यावीत अशा रीतीने रचिली. ज्याला अवघड लिहिणे सहज साधते तो सोपे लिहिण्यास पुष्कळदा कमीपणा मानतो. मोरोपंतांनी तसे मानले नाही. विद्वानांच्या सभेत शोभेल अशी रचना आणि माजघरात गुणगुणली जाईल अशी रचना त्यांनी एकाच लेखणीने केली.

सन्मणिमाला या प्रकरणात त्यांनी संतांचे स्तवन केले आहे. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम आदी संतांना वंदन करताना त्यांनी जातीची उतरंड मध्ये येऊ दिली नाही. शास्त्र शिकलेल्या आणि कर्माने सनातनी असलेल्या अठराव्या शतकातील ब्राह्मणाच्या हातून हे घडले, याचे महत्त्व ज्ञातीच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदविले पाहिजे. आपल्या ज्ञातीत जन्मलेल्या थोर पुरुषाचा अभिमान बाळगताना, त्याने कोणाकोणापुढे मस्तक नमविले होते हेही आपण शिकावे.

राम जोशी यांची गोष्ट

बारामतीच्या आख्यायिकांत सर्वांत रंगतदार आहे ती सोलापूरच्या राम जोशी यांची. हेही ब्राह्मण, संस्कृतात व्युत्पन्न, पण त्यांचा ओढा लावणीकडे. डफाच्या तालावर तमाशाच्या फडात गाणारा हा कवी कुळाच्या दृष्टीने बहकलेलाच समजला जाई. परंपरेने असे सांगतात की, राम जोशी यांचा फड बारामतीस आला असता त्यांचे कवित्व मोरोपंतांच्या कानांवर गेले. सनातनी पुराणिक या गोष्टीने कानांवर हात ठेवतील अशी कोणाचीही अपेक्षा असणार. पण मोरोपंतांनी त्या गाण्यातील असामान्य बुद्धी ओळखली, तिचा मोकळ्या मनाने गौरव केला आणि ही वाणी भगवंताच्या गुणगानाकडे वळावी अशी इच्छा दर्शविली. राम जोशी यांच्या आयुष्याला त्यानंतर वळण लागले आणि ते कीर्तनाकडे वळले, असे ही आख्यायिका सांगते.

तपशिलात या गोष्टीचे अनेक पाठ आहेत. पण तिचे फळ मात्र डोळ्यांपुढे आहे. राम जोशी यांनी आपल्या कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या गावोगावी गायिल्या. पोथीत बांधून पडली असती ती कविता फडावर तयार झालेल्या आवाजाने लोकांच्या कानांपर्यंत पोहोचविली. पुढे कीर्तनकारांच्या आख्यानांत मोरोपंतांच्या आर्या हव्यातच असा रिवाज पडला. तिरस्काराऐवजी आदर दाखविल्याने काय साधते याचा हा धडा आहे. १९४७ साली राम जोशी यांच्या जीवनावर निघालेल्या बोलपटामुळे ही कथा पुन्हा एकदा घरोघर पोहोचली.

मोराची केका

मोरोपंतांच्या हयातीत महाराष्ट्रावर केवढे प्रसंग आले! त्यांच्या बत्तिशीच्या सुमारास, १७६१ साली पानिपत झाले. १७७२ साली थोरले माधवराव गेले. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, आणि त्यापाठोपाठ इंग्रजांशी पहिले युद्ध जुंपले. शाहीर अशा प्रसंगांवर पोवाडे रचीत होते. मोरोपंतांची कविता मात्र पुराणांतच रमली. घरची माणसे रणात गमावलेली कुटुंबे तेव्हा गावोगाव असतील. त्यांच्या काळात हा पुराणिक भाऊबंदकीच्या आणि कुलक्षयाच्या त्या महान ग्रंथाचे मराठी करीत होता, एवढे म्हणून पुरे. श्रोत्यांना त्यात आपल्या काळाचे प्रतिबिंब दिसले नसेल असे म्हणवत नाही.

उत्तरवयात त्यांनी काशीयात्रा केली आणि बारामतीस परत आल्यावरही लेखणी चालूच ठेवली. संशयरत्नमालेत त्यांनी देवालाच शंका विचारल्या. भक्ताच्या हाकेला धावून जाण्याची तुझी कीर्ती, मग माझ्याच वेळी उशीर का, असा तिचा आशय आहे. याच भावनेचा परिपाक म्हणजे केकावली. मोरोपंत कवितेत स्वतःला मयूर म्हणत. मोराच्या ओरडण्याला संस्कृतात केका म्हणतात, आणि मोर ओरडतो तो मेघासाठी. श्यामवर्ण मेघ म्हणजे भगवंत, त्याच्यासाठी मयूराने मारलेल्या हाकांची माळ ती केकावली.

पृथ्वी वृत्तातील सुमारे सव्वाशे श्लोकांचे हे काव्य. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात सतरा अक्षरे आणि आठव्या अक्षरावर विसावा. आयुष्यभराची सर्व विद्या येथेही हजर आहे. अनुप्रास आहेत, यमके आहेत, पुराणांतील दाखले आहेत. पण येथे कवी दुसऱ्याची कथा सांगत नाही. अजामिळ, गजेंद्र, प्रल्हाद यांना तारलेस, मग मला का नाही, असा तो भांडतो, रुसतो, युक्तिवाद करतो, आणि शेवटी आपले दोष पदरात घेऊन शरण जातो. एकशे आठ वेळा दुसऱ्यांची वनवासाची कथा सांगणाऱ्याने स्वतःची व्यथा अशी एकदाच, पण पूर्ण मनाने सांगितली. कष्टाने कमावलेला शब्द हृदयातील भाव वाहून नेण्यास समर्थ असतो की नाही, या प्रश्नाचा निकाल केकावलीने लावला आहे. मोरोपंतांच्या रचनेत काव्य नाही असे म्हणणाऱ्याने आधी ही हाक ऐकावी.

शके १७१६ च्या चैत्री पौर्णिमेस, मंगळवारी, म्हणजे १५ एप्रिल १७९४ रोजी, हनुमान जयंतीच्या दिवशी, बारामती येथे या रामभक्ताने देह ठेविला. त्यांचे वय त्या वेळी पासष्टीच्या घरात होते.

मागे राहिलेली कीर्ती

पेशवाई १८१८ साली लयास गेली आणि काळ पालटला. पण मोरोपंतांच्या कवितेस छापखान्याने दुसरा जन्म दिला. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या नवनीत या संग्रहामुळे त्यांचे वेचे शाळकरी मुलांच्या हाती पडले. माधव चंद्रोबा यांनी सर्वसंग्रह मासिकातून त्यांची प्रकरणे छापिली. मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी केकावलीवर टीका लिहिली आणि आपल्या मातापित्यांच्या नावांवरून तिला यशोदापांडुरंगी असे नाव दिले. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी या कवितेचा हिरिरीने पुरस्कार केला. ल. रा. पांगारकर यांनी १९०८ साली त्यांचे चरित्र व काव्यविवेचन प्रसिद्ध केले. एका पुराणिकाच्या बाडांसाठी इतक्या विद्वानांनी श्रम घ्यावेत हे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही.

पुढे कवितेची अभिरुची बदलली आणि मोरोपंतांचे नाव क्रमाने पाठ्यपुस्तकांतील प्रश्नोत्तरांपुरते राहिले. संध्याकाळी पुराण ऐकावयास जाण्याची रीत मोडली आणि आर्या म्हणणारे कीर्तनकारही विरळ झाले. कानांसाठी रचिलेली कविता आपण केवळ डोळ्यांनी वाचू लागलो, आणि ती अवघड वाटते म्हणून बाजूला ठेवू लागलो. हे नुकसान मोरोपंतांचे नव्हे. ज्या घरांत चार पिढ्यांमागे आजीला शेकडो आर्या तोंडपाठ असत, त्या घरांतील नातवंडांना आज एकही येत नसेल, तर नुकसान त्या घरांचे आहे.

मोरोपंतांना मोठे राज्य मिळाले नाही, मोठे गावही मिळाले नाही. त्यांच्या आश्रयदात्याने पेशवेपदाची इच्छा धरली आणि ती फळास आली नाही. आश्रिताने मात्र नेमून दिलेले पुराण सांगण्याचे काम इतक्या निष्ठेने केले की, त्यातच त्याचे सारे कर्तृत्व सामावले. आपापल्या गावी, आपापल्या लहानशा नोकरीत वा धंद्यात आयुष्य वेचणाऱ्या आपल्यासारख्यांना या चरित्रापासून धीर येण्यासारखा आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस एवढीच विनंती आहे की, येत्या चैत्री पौर्णिमेस आपल्या घरी केकावलीचे चार श्लोक तरी मोठ्याने वाचावेत. अर्थ सगळा लागला नाही तरी चालेल. मुलांना निरोष्ठ रामायणाची गोष्ट सांगावी आणि ओठाला ओठ न लावता दोन वाक्ये बोलून दाखवा असे त्यांना म्हणावे. बारामती-इंदापूर भागातील कुटुंबांनी कऱ्हेकाठी गेल्यावर मुलांना तो वाडा दाखवावा, आणि तेथे कोणी पुराण सांगितले होते तेही सांगावे. एवढे आपल्या हातून घडले, तरी या पुराणिकाचे पुराण चालू राहील.